लाडबोरीची रिंग आणि आकाशात पाडलेला अणुबॉम्ब

आजची गोष्ट आपल्या झाडीपट्टीतून सुरू होते.

२ एप्रिल २०२२. शनिवार, गुढीपाडव्याचा दिवस. रात्रीचे पावणेआठ वाजत आलेले. अचानक आकाशात जळते गोळे एका रांगेत सरकताना दिसले. विदर्भातच नाही, तर मध्य प्रदेश आणि गुजरातमध्येही. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली. व्यास जवळपास ३ मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. मग पवनपारकडे धातूचा गोळा सापडला. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. अभ्यासकांच्या मते हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा कचरा होता. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

आता कल्पना करा. तो कचरा नसून अणुबॉम्ब घेऊन जाणारी मिसाईल असती, आणि कुणीतरी ती वरच्या वर पाडली असती, तर? आपल्या डोक्यावर अणुस्फोट झाला असता का?

बहुतेक नाही. कारण समजून घ्या. अणुबॉम्ब म्हणजे फटाका नव्हे, की ठिणगी पडली आणि फुटला. आत प्लुटोनियमचा गोळा असतो आणि त्याच्याभोवती साधी स्फोटकं बसवलेली असतात. ती सगळी एकाच क्षणी उडावी लागतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकं अचूक! तेव्हाच गोळा सगळीकडून सारखा दाबला जातो आणि साखळी सुरू होते. बाहेरून काही येऊन आदळलं की ही मांडणीच मोडते. बॉम्ब तुटतो, पण अणुस्फोट होत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही बरं का. १७ जानेवारी १९६६ ला स्पेनमधल्या पालोमारेस गावावर अमेरिकेचं बी-५२ विमान इंधन भरताना दुसऱ्या विमानाला धडकलं. त्यात ४ हायड्रोजन बॉम्ब होते. दोन बॉम्बमधली साधी स्फोटकं जमिनीवर आपटून उडाली. अणुस्फोट झाला नाही. पण प्लुटोनियमची धूळ टोमॅटोच्या शेतांवर पसरली. हजारावर टन माती पिंपांत भरून अमेरिकेला न्यावी लागली. म्हणजे गाव राहिलं, पण शेत गेलं. प्लुटोनियमचे किरण कातडीच्या आत शिरत नाहीत. खरा धोका ती धूळ श्वासातून फुफ्फुसात गेली तर असतो.

मग मिसाईल हवेत पाडायची सुरुवात कधी झाली? ४ मार्च १९६१ ला सोव्हिएत युनियनने कझाकस्तानात एका बॅलिस्टिक मिसाईलचं पुढचं टोक पहिल्यांदा हवेत पाडलं. ती चाचणी होती, आत अणुबॉम्ब नव्हता. पण इतक्या वेगाने येणाऱ्या वस्तूला नेमका नेम लावणं फार अवघड. म्हणून दोन्ही महासत्तांनी एक अजब तोडगा काढला: पाडणाऱ्या मिसाईलवरच अणुबॉम्ब बसवायचा. नेम थोडा चुकला तरी चालेल!

याची किंमत काय, ते जुलै १९६२ मध्ये दिसलं. अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर ४०० किमी उंचीवर 'स्टारफिश प्राइम' नावाचा अणुस्फोट केला. सुमारे १,४०० किमी दूर हवाईमधले रस्त्यावरचे दिवे गेले, नंतर काही उपग्रहही निकामी झाले. म्हणजे वाचवायला गेलं आणि आपलीच वीज घालवली. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी करार करून अशा यंत्रणांवर मर्यादा घातली. अमेरिकेने १९७५ मध्ये अशी यंत्रणा सुरू केली आणि काही महिन्यांतच बंदही केली.

पुढे रडार आणि कॉम्प्युटर सुधारले. जून १९८४ मध्ये अमेरिकेने बॉम्बशिवाय, फक्त धडक देऊन अवकाशात लक्ष्य पाडलं. भारताने २७ नोव्हेंबर २००६ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर सुमारे ५० किमी उंचीवर येणारी मिसाईल पाडून दाखवली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: आजवर खरा अणुबॉम्ब घेऊन निघालेली मिसाईल कुणी कधी पाडलेली नाही.

आणि मेख इथेच आहे. मिसाईल कुठे पाडली, यावर सगळं ठरतं. अवकाशात पाडली तर बरेचसे तुकडे परत येताना जळतात. खाली येताना पाडली तर धूळ आणि अवशेष ज्याला वाचवायचं त्याच्याच परिसरात पडतात. आणि उडतानाच पाडली, तर इंजिन मोडतं, पण बॉम्ब शाबूत राहून अर्ध्या वाटेत कुठेतरी पडू शकतो. ज्या गावाचा भांडणाशी संबंध नाही, अशा गावात.

लाडबोरीचा तरी त्या रॉकेटशी काय संबंध होता?

असं झालं तर जबाबदार कोण? २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत युनियनचा कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. त्यात युरेनियमवर चालणारी अणुभट्टी होती. बर्फात महिनोन्‌महिने किरणोत्सारी तुकडे शोधावे लागले. कॅनडाने १९७२ च्या अवकाश दायित्व कराराचा आधार घेत सुमारे ६० लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाख मिळाले. पण हा करार अपघातांसाठी. युद्धात पाडलेल्या मिसाईलचं बिल कोण कुणाला पाठवणार?

एप्रिल म्हणजे आपल्याकडे मोहफुलं वेचायचे दिवस. चंद्रपूर काय, वैनगंगेपलीकडचं गडचिरोली काय, पहाटे अंधारातच माणसं टोपल्या घेऊन जंगलात जातात. आकाशातून पडलेली वस्तू सगळ्यात आधी त्यांनाच दिसणार. म्हणून घरी एवढं नक्की सांगा: असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, सेल्फीसाठी जवळ जायचं नाही, भंगारात विकायला उचलायचं नाही. दूर उभं राहायचं, लहान पोरांना मागे घ्यायचं आणि पोलीस ठाण्याला किंवा तहसीलला कळवायचं.

पाडलेली मिसाईल फुटत नाही, हे खरं. पण ती नाहीशीही होत नाही. कुठेतरी पडतेच.