निबंधमाला : एका लेखकाचे नियतकालिक

मराठी निबंधाचा इतिहास मांडताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ला आरंभस्थान देण्याचा प्रघात आहे. हे श्रेय वाङ्मयप्रकाराच्या अंगाने दिले जाते; परंतु जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात जे घडले त्याचे नावीन्य वाङ्मयप्रकारापेक्षा मालकीत अधिक होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एका माणसाने आपल्या एकट्याच्या लेखनासाठी एक मासिक काढले होते.

विषयांची सरमिसळ आपल्या लेखनव्यवहाराला अपरिचित नव्हती. जुन्या हस्तलिखित बाडांत एकाच शिवणीखाली अभंग, आरत्या, औषधांच्या कृती आणि देण्याघेण्याच्या नोंदी सुखाने नांदतात. मात्र बाड लिहिणारा बहुधा संग्राहक असतो; स्वतःचे मत नोंदविण्यासाठी तो लेखणी उचलत नाही. मत मांडणारे लोकहितवादी १८४८ पासून शंभरावर पत्रे लिहितात, पण ती मुंबईच्या ‘प्रभाकर’मध्ये, म्हणजे भाऊ महाजनांच्या अंगणात, आणि तीही टोपणनावाने.

चिपळूणकरांच्या हाती नियतकालिक आधीच होते. वडील कृष्णशास्त्री यांच्यामागून ‘शालापत्रक’ त्यांच्याकडे आले आणि १८७५ साली ते बंद पडेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू, दंडी यांवरील त्यांचे लेख तेथलेच. पण ते पत्र शिक्षणखात्याचे. सरकारी शाळेतील या शिक्षकाला जे तेथे लिहिता येण्याजोगे नव्हते, त्याला ‘माले’त जागा मिळाली. मराठी भाषेच्या सद्यःस्थितीपासून सुरुवात करून इतिहास, वाचन, वक्तृत्व, गर्व, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता, असे जे मनात येईल ते. सात वर्षांचे ८४ अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. रत्नागिरीस बदली झाली तरी लेखन थांबले नाही.

या उपक्रमाला इंग्रजी नमुना होता. १७५० ते १७५२ या काळात डॉ. जॉन्सनने ‘रॅम्बलर’चे २०८ अंक जवळजवळ एकट्याने लिहिले होते. त्याच्या ‘रासेलस’चे कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतलेले भाषांतर पुत्राने पुरे केले, आणि ‘माले’त जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले. तथापि जॉन्सनचा अंक थोडक्यात आटोपतो. शास्त्रीबोवांचा निबंध अंकामागून अंक ओलांडत जातो. विषयांतर करायचे, थांबायचे, पुढच्या महिन्यात धागा उचलायचा, मध्येच प्रतिपक्षाला चिमटा काढायचा. ग्रंथरूपात एकत्र बांधलेली ‘माला’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा पाल्हाळ दोष वाटतो. मासिकाच्या वाचकाला तो पुढच्या भेटीचा वायदा वाटत असावा. संपादक आणि लेखक एकच असल्यावर काटछाट करणार कोण?

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारला पाहिजे, आणि आपल्या समीक्षेने तो पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. लोकहितवादींचा ‘माले’त घेतलेला समाचार आणि जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची, विशेषतः त्यांच्या भाषेची, उडविलेली टर ही मतभेदापुरती मर्यादित नाही. त्या पानांत दुसरा आवाज मुळी नाहीच. प्रतिपक्षाचे म्हणणे तेथे येते ते शास्त्रीबोवांनी निवडलेल्या अवतरणांतून, त्यांच्याच शेरेबाजीसह. शैलीची जी धार पिढ्यान्‌पिढ्या वाखाणली गेली, ती या निर्वेध एकाधिकारावरच परजली गेली आहे. ‘आमच्या देशाची स्थिति’ या अखेरच्या दीर्घ निबंधात ती राज्यकर्त्यांकडे वळली. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, ती १९३७ पर्यंत टिकली.

चिपळूणकर १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. तीन वर्षांनी, १८८५ च्या जून आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच पुण्यात फुल्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. मागे ना शाळा, ना छापखाना; पाने मोजकी. ते ‘माले’ला दिलेले उत्तर नव्हे. पण ज्या भाषेला व्याकरणाच्या नावाने हिणवले गेले होते, तीच भाषा येथे कोणाच्या संमतीवाचून छापली गेली, आणि दुसऱ्या अंकात तिने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलने’ची (१८८२) बाजू घेतली.