‘युद्ध’ या शब्दाची किंमत

विम्याची पॉलिसी घरात येते, कपाटात जाते आणि नुकसान झाले की बाहेर निघते. तोवर तिच्यातला बारीक मजकूर सहसा कुणी वाचलेला नसतो. काय मिळेल ते पुढच्या पानांवर ठळक असते. काय मिळणार नाही, ते मागच्या पानांवर. आज ज्या खटल्याविषयी बोलायचे आहे, तो मागच्या पानांवरच्या अशाच एका शब्दावरून लढला गेला. शब्द होता ‘युद्ध’, आणि नुकसान होते सुमारे १४० कोटी डॉलरचे.

तारीख होती २७ जून २०१७. युक्रेनमध्ये दुसऱ्या दिवशी संविधान दिनाची सुट्टी होती. तिथल्या असंख्य कंपन्या कराच्या हिशेबासाठी ‘एम.ई.डॉक’ नावाचे सॉफ्टवेअर वापरत. त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून एक घातक प्रोग्राम त्यांच्या संगणकांत शिरला. त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ असे नाव पडले. पडद्यावर मागणी झळकू लागली : ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. पण ही खंडणी म्हणजे नुसता देखावा होता. पैसे भरले तरी फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. हेतू लुटीचा नव्हता, नासधुशीचा होता.

युक्रेनमध्ये कचेऱ्या असलेल्या परदेशी कंपन्याही यात सापडल्या आणि त्यांच्यामार्फत ही लागण जगभर गेली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला पुढच्या दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. आपल्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल मर्स्कच्याच समूहाकडे होते. तिथलीही यंत्रणा बंद पडली आणि कंटेनरची कामे हाताने उरकण्याची वेळ आली.

सर्वांत मोठा फटका बसलेल्यांपैकी एक होती अमेरिकेची मर्क ही औषध कंपनी. दीड मिनिटात तिचे सुमारे १०,००० संगणक बाधित झाले, पाच मिनिटांत २०,०००, आणि अखेर ४०,००० हून अधिक. उत्पादन कोलमडले. गार्डासिल या लशीची मागणी पुरवण्यासाठी कंपनीला अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून लस उसनी घ्यावी लागली.

मर्कने भरपाई मागितली ती आपल्या मालमत्ता विम्यातून. ‘सर्व जोखमी’ सामावून घेणाऱ्या या पॉलिसींची एकूण मर्यादा १७५ कोटी डॉलर होती आणि संगणकातील माहितीचा नाशही त्यांत धरलेला होता. म्हणजे प्रश्न सरळ दिसत होता. पण विमा कंपन्यांनी मागचे पान उघडले. शांततेच्या किंवा युद्धाच्या काळात एखाद्या सरकारने केलेल्या शत्रुत्वाच्या वा युद्धसदृश कृत्याने झालेले नुकसान भरून दिले जाणार नाही, असे कलम तिथे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही सरकारांनी या हल्ल्याचे खापर रशियाच्या लष्करावर फोडले होते. मग हे युद्धच नव्हे काय, असा कंपन्यांचा सवाल होता.

हे कलम आले कुठून? लंडनच्या लॉइड्स बाजारात १७७९ साली जो सागरी विम्याचा नमुना ठरला, त्यात वादळ, आग, शत्रू आणि चाचे असे सगळे धोके एकाच यादीत होते. पुढे युद्धाचा धोका वेगळा काढला जाऊ लागला. त्यामागचे गणित साधे आहे. आग एका घराला लागते आणि इतर हजार घरांच्या हप्त्यांतून तिची भरपाई होते. बॉम्ब मात्र हजारही घरांवर एकदम पडू शकतात. मग भरपाई कुणाच्या हप्त्यांतून करायची? स्पेनच्या यादवी युद्धात शहरांवर बॉम्बवर्षाव झाला, आणि १९३७ साली ब्रिटिश विमा व्यवसायाने जमिनीवरचा युद्धधोका न स्वीकारण्याचा करार केला. म्हणजे कलम गैर नव्हते. ते तोफा आणि बॉम्ब डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते, इतकेच.

त्याची कसोटी आधीही लागली होती. ६ सप्टेंबर १९७० रोजी पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७४७ विमान ॲम्स्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघाले असता पॅलेस्टिनी संघटनेच्या माणसांनी त्याचे अपहरण केले. बैरुतमार्गे ते कैरोला नेले गेले. प्रवासी उतरताच ते उडवून देण्यात आले. तेव्हाही विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९७४ साली ते नाकारले. युद्ध हे सरकारांमध्ये, निदान सरकारासारखी सत्ता चालवणाऱ्यांमध्ये होते. अपहरण म्हणजे युद्ध नव्हे. शिवाय कलमाची भाषा संदिग्ध असेल तर तिचा फायदा विमेदाराला मिळतो, कारण ती भाषा विमा कंपनीने लिहिलेली असते.

मर्कच्या खटल्यात पेच अधिक होता, कारण इथे एका सरकारचेच नाव पुढे आले होते. तरीही न्यू जर्सीच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मर्कच्या बाजूने निकाल दिला. सायबर हल्ले नवे राहिलेले नाहीत हे ठाऊक असूनही तुम्ही कलमाचे शब्द बदलले नाहीत, असे न्यायालयाने विमा कंपन्यांना सुनावले. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयानेही हेच कायम ठेवले : हे कलम लागू व्हायचे तर लष्करी कारवाई हवी, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला प्रोग्राम म्हणजे ती नव्हे. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, उरलेल्या विमा कंपन्यांनी तडजोड केली. हल्ल्यापासून तोवर साडेसहा वर्षे उलटली होती. मर्कला ती काढता आली. लहान उद्योगाला इतका दम कुठून असणार?

आणि विमा कंपन्याही यातून शिकल्या. मार्च २०२३ अखेरपासून सुरू होणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या स्वतंत्र सायबर पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ल्यांबाबतचे स्पष्ट अपवाद कलम असलेच पाहिजे, असा दंडक लॉइड्सने घातला. म्हणजे एका विमेदाराने जिंकलेली लढाई पुढच्यांसाठी तशीच्या तशी उपयोगी पडेल असे नाही. शब्द बदलले की निकालही बदलू शकतो.

आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०२१ साली व्यक्तींसाठीच्या सायबर विम्याचा आदर्श आराखडा दिला, आणि अशा पॉलिसी आता घरगुती ग्राहकांनाही मिळतात. त्या घेताना हप्त्याइतकेच लक्ष अपवादांच्या पानावर द्यावे. न समजलेला शब्द लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी, बँकेला आणि विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे, संदेश आणि पडद्यावरची चित्रे पुसू नयेत. मर्कचा खटला वकिलांनी लढवला हे खरे, पण तो उभा राहिला पॉलिसीत आधीच छापलेल्या शब्दांवर. ते शब्द नुकसानीनंतर बदलता येत नाहीत. आधी वाचता मात्र येतात.