'गिमिक' : उशिरा उगवलेला तारा

जपानच्या सनसॉफ्ट कंपनीने ३१ जानेवारी १९९२ रोजी 'गिमिक!' हा व्हिडिओ गेम बाजारात आणला, तेव्हा तो ज्या यंत्रासाठी बनवला होता, त्या निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'चे दिवस भरत आले होते. १९८३ मध्ये आलेल्या या आठ बिटांच्या यंत्राचा वारसदार 'सुपर फॅमिकॉम' १९९० च्या नोव्हेंबरपासूनच दुकानांत होता. नव्याच्या ओढीत हा देखणा खेळ दुर्लक्षित राहिला. अमेरिकेत तो त्या काळी प्रकाशितच झाला नाही. युरोपात १९९३ मध्ये 'मिस्टर गिमिक' या नावाने तो पोहोचला, तोही फक्त स्कँडिनेव्हियन देशांत.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या ज्या स्वस्त यंत्रांवर मुले 'मारिओ' आणि 'काँट्रा' खेळत, त्यांपैकी बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होत्या. त्यामुळे उड्या मारत, शत्रू टिपत पुढे जाण्याचा हा प्रकार अनेकांच्या परिचयाचा आहे. 'गिमिक'चे वेगळेपण मात्र त्याच्या शस्त्रात आहे.

कथा बालकथेसारखी आहे. युमेतारो हा हिरवा, गुबगुबीत जीव बाहुली समजून एका मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून दिला जातो. मत्सराने पेटलेली जुनी खेळणी मुलीलाच दुसऱ्या जगात पळवून नेतात आणि युमेतारो तिच्या शोधात निघतो. बटण दाबून धरले की त्याच्या डोक्यावर एक तारा आकार घेतो. सोडले की तो फेकला जातो. हा तारा बंदुकीच्या गोळीसारखा सरळ जात नाही. तो जमिनीवर आपटून उसळतो, भिंतीवरून परततो, उतारावरून घरंगळतो. नेमका क्षण साधला तर त्याच्यावर स्वार होऊन एरवी न गाठता येणाऱ्या जागी पोहोचता येते. युमेतारोही उतारावर घसरतो, धावता धावता चटकन थांबू शकत नाही. एवढ्या जुन्या यंत्रावर गतीचे नियम इतक्या सचोटीने पाळणारे खेळ विरळाच.

मासाशी कागेयामा यांच्या संगीतासाठी कार्ट्रिजमध्येच सनसॉफ्टची '५बी' ही चिप बसवली होती. फॅमिकॉमच्या मूळ पाच ध्वनिवाहिन्यांना तिने आणखी तीन जोडल्या. हे जादा स्वर वापरणारा हा एकमेव खेळ. स्कँडिनेव्हियन आवृत्तीत ते गळाले आणि संगीत काहीसे रोडावले.

बाहेरून गोंडस दिसणारा हा खेळ स्वभावाने निष्ठुर आहे. सहा टप्प्यांत दडवलेल्या सहा वस्तू, एकदाही 'कंटिन्यू'चा आधार न घेता, गोळा केल्या तरच अखेरचा गुप्त टप्पा उघडतो आणि खरा शेवट पाहायला मिळतो. मुलांचा खेळ म्हणून तो हाती घेणाऱ्यांची येथे गाळण उडाली असणार!

२०२३ मध्ये स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि संगणकासाठी 'स्पेशल एडिशन' आली. तिच्यात खेळ जतन करण्याची आणि चूक झाल्यास मागे नेण्याची सोय आहे. ही सोय म्हणजे खेळाचा अपमान, असे कडवे चाहते म्हणतील. पण ज्या खेळाचा उत्तरार्ध बहुतेकांनी पाहिलाच नसेल, त्याच्यासाठी ती उपकारकच मानावी लागेल. ताऱ्यावर स्वार होण्याचे कसब मात्र तीही देत नाही. ते हातालाच शिकवावे लागते. २०२४ मध्ये 'गिमिक! २' अवतरला. तो घडवला स्वीडनच्या बिटवेव्ह गेम्सने, म्हणजे मूळ खेळ ज्या मोजक्या देशांत पोहोचला होता, त्यांपैकीच एका देशातील कंपनीने.