तारली : उत्तरेकडील क्षेत्रविस्तार

तारली (शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स) : हेरिंगच्या गणातील, अरबी समुद्रात थव्यांनी संचार करणारा, चंदेरी पोटाचा व निळसर-हिरव्या पाठीचा सागरी मासा. लांबी सर्वसाधारणपणे 15 ते 20 सेंमी.; आयुर्मान अडीच-तीन वर्षांचे. सिंधुदुर्गाकडे हा मासा पेडवे या नावाने, तर केरळात मत्ती या नावाने ओळखला जातो. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन व्हालांसिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1847 मध्ये प्रसिद्ध केले. प्रस्तुत नोंद या माशाच्या संपूर्ण जीवशास्त्राची नसून, समुद्र तापत चालल्याबरोबर त्याने आपल्या वसतीची हद्द उत्तरेकडे कशी वाढविली, एवढ्यापुरती आहे. कारण जगाच्या उत्तर टोकाला सामन माशाच्या बाबतीत जे घडत आहे (तो आर्क्टिककडील नद्यांत आढळू लागला आहे), त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत निकटचे उदाहरण हेच होय.

1985 पूर्वीचे दप्तर पाहिले असता देशातील जवळजवळ सर्व तारली 8 ते 14 उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे केरळपासून भटकळच्या आसपासपर्यंतच्या मलबारी पट्ट्यात सापडत असल्याचे दिसते. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचा पाया घालणारे सर फ्रेडरिक निकल्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच पट्ट्यात माशाचे तेल व खत काढण्याच्या धंद्याला उत्तेजन दिले, आणि त्यांच्या मागोमाग जेम्स हॉर्नेल यांनी तारलीच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला तोही तेथेच. पुढे 1947 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची पद्धतशीर नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. आणि या नोंदींच्या आधारेच शास्त्रज्ञ ई. विवेकानंदन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दाखवून देता आले की, पूर्वी जेथे तारली नाममात्र मिळे किंवा मुळीच मिळत नसे त्या 14 ते 20 अक्षांशांच्या दरम्यानच्या पाण्यात, म्हणजे कारवार, गोवा व कोकण यांच्या समोर, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती वाढत्या प्रमाणात जाळ्यात येऊ लागली आहे. पूर्व किनाऱ्यावरही तिने असेच पाऊल टाकले. तारलीप्रमाणेच थव्याने फिरणाऱ्या बांगड्याच्या हालचालीत उत्तरेकडील विस्ताराखेरीज आणखी एक गोष्ट आढळली : पृष्ठभागाजवळ फिरणारा हा मासा समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागला, यावरून वरचे पाणी तापल्यामुळे तो खाली उतरत असावा असे अनुमान काढण्यात आले.

या स्थलांतराची कारणमीमांसा केवळ उष्णतामापकावरून करता येत नाही. तारलीला 27 ते 29 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. हिवाळ्यात उत्तरेचे कोरडे वारे अरबी समुद्राचा वरचा थर गार करीत, आणि हाच गारवा कारवारपलीकडे तिच्या वाटेत आडवा येत असे. तो कमी होत गेला तसतशी उत्तरेची वाट मोकळी झाली. परंतु मासा अन्नावाचून कोठेही राहत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की मलबारच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलले जाते, तळाचे थंड व पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पतिप्लवकांची विपुल वाढ होते, आणि ऐन पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या तारलीचे व तिच्या पिलांचे पोट त्यावर भरते. हा पुरवठा एका वर्षी भरघोस तर दुसऱ्या वर्षी अत्यल्प असतो. म्हणून या माशाच्या इतिहासात समृद्धी व दुष्काळ यांची आवर्तने तापमानवाढीच्या पूर्वीपासून, विशेषतः 1940 च्या दशकात, नोंदलेली आहेत.

कोकणात या पाहुणीचे पहिले स्वागत केले ते रापणीने, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने. मालवणच्या बाजूला किनाऱ्यावरून पाण्याचा बदललेला रंग न्याहाळून जाणता रापणकर थवा कोठे आहे ते सांगतो. होडी त्या थव्याभोवती अर्धवर्तुळात जाळे सोडीत जाते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून बायाबापड्यांसह सारी वाडी ते वाळूवर ओढून घेते. आलेल्या मासळीत जाळ्याचा, होडीचा आणि हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. तारली व बांगडा हे दोन्ही थव्याने किनाऱ्यालगत येणारे मासे असल्यामुळे त्यांच्यावर रापणीचा जितका भरवसा, तितकाच यांत्रिक पर्ससीन जाळ्याचाही डोळा. आणि हे दुसरे जाळे थवा किनाऱ्यास लागण्यापूर्वीच वेढून घेते. गोव्यात 1970 च्या दशकात रापणकरांनी यांत्रिक नौकांविरुद्ध केलेले आंदोलन आणि महाराष्ट्र सरकारचा, पर्ससीनच्या परवान्यांवर व हंगामावर निर्बंध घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा हुकूम ही याच तंट्याची दोन रूपे होत. समुद्राने उत्तरेकडे पाठविलेली मासळी कोणाच्या वाट्यास जावी, हा प्रश्न निसर्गाने सोडविलेला नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण अगत्याचे आहे. कोकणात तारली वाढली म्हणजे समुद्रातील तारली वाढली, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली होती. 2021 मध्ये हा आकडा जेमतेम 3,300 टनांवर आला. या ऱ्हासास एल निन्योच्या वर्षांतील प्रतिकूल समुद्र आणि कोवळ्या माशांची बेसुमार पकड ही दोन्ही कारणे सांगितली जातात, व त्यासाठीच 10 सेंमी.हून लहान तारली पकडण्यास तेथे मनाई झाली. सामनची कथाही अशीच दुहेरी आहे. अलास्काच्या उत्तर उतारावरील, आर्क्टिक महासागरास मिळणाऱ्या नद्यांत संशोधकांना 2023 मध्ये चम जातीचे सामन आढळले. पण त्याच अलास्कात, अधिक दक्षिणेकडील यूकॉन नदीत सामनची इतकी वाताहत झाली की, 2024 मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी तेथील चिनूक सामनची मासेमारी सात वर्षे बंद ठेवण्याचा करार केला.

सामनपुढे निदान आर्क्टिकचे पाणी आहे. तारलीची अवस्था वेगळी आहे : अरबी समुद्र उत्तरेस 25 अक्षांशाच्या आसपास मकरान, सिंध व कच्छच्या किनाऱ्यांनी बंदिस्त झालेला आहे, आणि त्याच्या मध्यम खोलीवर प्राणवायू अतिशय कमी असल्यामुळे गारव्यासाठी खाली उतरण्यासही मुभा थोडी. ओमानच्या किनाऱ्यावर ही जात पूर्वापार नांदते, परंतु तेथेही पावसाळी वाऱ्यांनी वर येणाऱ्या थंड पाण्याचाच तिला आधार आहे.

गोड्या पाण्यात ही कोंडी अधिक स्पष्ट होते. गंगेत मधल्या उष्ण टप्प्यात आढळणारे झेनेन्टोडॉन कॅन्सिला व ग्लॉसोगोबियस गियुरिस यांसारखे मासे आता हरिद्वारच्या थंड पाण्यापर्यंत पोचल्याचे बराकपूरच्या अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने नोंदविले आहे. गंगेच्या माशाला हिमालयाकडे चढत जाता येते. परंतु कोकणातील अलिबागच्या अक्षांशाजवळ, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या मराठवाड्यातील अहमदपूरच्या मुलखातून वाहणाऱ्या मन्याड नदीच्या माशाला ही सोय नाही. ती बालाघाटच्या डोंगरात उगम पावून मांजरेस व तिच्याद्वारे गोदावरीस मिळते. उताराने जावे तर पाणी अधिकच उष्ण, उगमाकडे जावे तर उन्हाळ्यात पात्र कोरडे, आणि वाटेत लिंबोटीचे व बारूळचे धरण. या जलाशयांत सोडलेल्या रोहू, कटला व मृगळ यांच्या बीजाला आणि तेथल्या मूळच्या मरळ, वाम यांना उन्हाळा आहे त्या पाण्यातच काढावा लागतो.