चारशें प्रतींचें एक पुस्तक

ग्रंथाची योग्यता त्याच्या खपावरून ठरवूं नये, हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु व्यवहारांत आपण तें क्वचितच पाळतों. अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासांतील एक उदाहरण ह्या दृष्टीनें विचारांत घेण्यासारखें आहे. पेन्सिल्व्हेनियांतील एव्हरेट ह्या लहानशा गांवीं विल्यम क्रॉफर्ड नांवाच्या हौशी प्रकाशकानें १९३६ सालीं एच. पी. लव्हक्राफ्ट ह्याची ‘द शॅडो ओव्हर इन्स्मथ’ ही लघुकादंबरी छापून काढिली. प्रती सुमारें चारशें. पैकीं बांधणी झाली ती दोनशेंच्या आसपास प्रतींची. मुद्रणदोष इतके राहिले कीं, शुद्धिपत्र जोडावें लागलें. तथापि लेखकाच्या हयातींत पुस्तकरूपानें वाचकांच्या हातीं पडलेली त्याची कथा ही एवढीच. पुढच्याच वर्षीं, १५ मार्च १९३७ रोजीं, तो वारला.

कथा लिहून झाली होती १९३१ सालीं. ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाच्या संपादकानें ती १९३३ सालीं नाकारिली. ती एका अंकांत मावेना व दोहोंत तोडतां येईना, ही त्याची अडचण. त्याच मासिकानें १९४२ सालीं ती कांटछांट करून छापिली. धंदेवाईकांनीं जें टाकिलें तें एका हौशी माणसानें जतन केलें, हें त्याचें ऋण वाङ्मयानें विसरूं नये.

आतां गुणदोषांकडे वळूं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील इन्स्मथ ह्या काल्पनिक, मोडकळीस आलेल्या बंदरांत एक तरुण प्रवासी येतो. मासळीचा उग्र दर्प, बंद खिडक्या, रहिवाशांचे न लवणारे डोळे, ह्यांतून भीति हळूहळू दाटत जाते. रात्रीं खाणावळींत कोणी दार चांचपूं लागतो, तो प्रसंग तर अप्रतिम साधला आहे. उलट, झॅडोक ॲलन ह्या दारुड्या म्हाताऱ्याचें ग्राम्य बोलींतील लांबलचक निवेदन वाचकाची परीक्षा पाहतें. दुसरें असें कीं, विश्वास मनुष्याची खबरही नाहीं, हें ह्या लेखकाच्या भयाचें मूळ सूत्र. येथें मात्र समुद्रांतील प्राणी सोनें व मासळी देऊन माणसांशीं सौदा करितात. त्यामुळें विश्वाएवढें भय गांवकीच्या पातळीवर उतरतें.

ह्याहून गंभीर दोष नैतिक आहे. परक्या वंशांविषयीं लव्हक्राफ्टच्या मनांत तिटकारा होता, व रक्तसंकराची ती किळस ह्या कथेच्या नसानसांत भिनलेली आहे. कलेच्या नांवाखालीं तिजकडे कानाडोळा करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

परंतु शेवटीं एक विलक्षण गोष्ट घडते. ज्यांच्यापासून निवेदक जीव घेऊन पळाला, त्यांचेंच रक्त आपल्या अंगांत आहे, असें त्यास कळून येतें. लेखकाचे वडील १८९८ सालीं व आई १९२१ सालीं एकाच मनोरुग्णालयांत वारलीं, हें ध्यानीं घेतलें म्हणजे आनुवंशाचें हें भय कोठून आलें असावें, याचा तर्क करितां येतो. निवेदक प्रथम आत्मघाताचा विचार करितो. मग त्यास समुद्राचीच ओढ लागते. परक्यावर रोखलेलें बोट येथें बोलणाऱ्याकडेच वळतें. लेखकाच्या पूर्वग्रहास ह्यानें क्षमा मिळत नाहीं. परंतु त्याला जें मान्य झालें नसतें तें त्याची कृति बोलून गेली आहे. चारशें प्रतींचें हें सदोष पुस्तक टिकलें, तें आमच्या मतें ह्याच कारणानें.