चॉकलेटला तोलामोलाची साथ : बान्यूल्स

भोजनाच्या शेवटी चॉकलेटचा पदार्थ असेल, तर सोबत कोणती वाइन द्यावी हा प्रश्न जाणकारांनाही अवघड वाटतो. चॉकलेटचा गोडवा, कडवटपणा आणि स्निग्धता यांपुढे बहुतेक वाइन आंबट वा पाणचट लागतात. या कसोटीला उतरणाऱ्या मोजक्या वाइनमध्ये फ्रान्सची बान्यूल्स अग्रगण्य आहे. सोतेर्नची कीर्ती मात्र तिला लाभलेली नाही.

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेलगत पिरेनीज पर्वत भूमध्य समुद्राला भिडतो. तेथील बान्यूल्स-सुर-मेर, कोलिऊर, पोर-वांद्र आणि सेर्बेर या चारच गावांच्या हद्दीत ही वाइन तयार होते. १९३६ मध्ये तिला मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. द्राक्षमळे खडकाळ उतारावर, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले आहेत. पावसाच्या पाण्याने माती वाहून जाऊ नये म्हणून कोंबड्याच्या पंजासारखे फाटे असलेले दगडी पाट काढलेले दिसतात. उतार तीव्र असल्याने बहुतेक कामे हातानेच करावी लागतात.

ही वाइन प्रामुख्याने ग्रनाश जातीच्या द्राक्षांपासून बनते. रस आंबत असतानाच त्यात ५ ते १० टक्के मद्यार्क मिसळतात. त्यामुळे किण्वन थांबते आणि द्राक्षांची नैसर्गिक साखर शिल्लक राहते. पोर्तुगालची पोर्ट वाइनही याच तत्त्वावर तयार होते. तेराव्या शतकातील वैद्य आर्नो द व्हिलानोव्हा यांना या पद्धतीचे श्रेय दिले जाते.

बान्यूल्सचे दोन ठळक प्रकार आहेत. ‘रिमाज’ हवेपासून जपून लवकर बाटलीबंद करतात. तिला ताज्या काळ्या फळांचा स्वाद असतो. दुसरा प्रकार लाकडी पिंपांत किंवा उन्हात ठेवलेल्या काचेच्या मोठ्या बरण्यांत मुरवतात. हवेच्या संपर्काने तिला अक्रोड, सुके अंजीर, कॉफी आणि कोकोचा गंध येतो. ‘ग्रां क्रू’ किमान ३० महिने लाकडात मुरवणे बंधनकारक आहे.

जोडी जमवताना एक नियम ध्यानात ठेवावा : वाइन पदार्थापेक्षा कमी गोड नसावी. रिमाजसोबत बेरी फळे घातलेला चॉकलेट केक शोभतो. मुरवलेल्या बान्यूल्ससोबत कडवट गडद चॉकलेट, कॉफीची मिष्टान्ने, अक्रोडाचा टार्ट किंवा खारट रॉकफोर चीज द्यावे. वाइन साधारण १४ अंश सेल्सिअसला, छोट्या पेल्यात वाढावी. मुरवलेल्या वाइनची उघडलेली बाटली काही आठवडे टिकते.

गोड वाइनची मागणी घटल्याने येथील अनेक उत्पादक याच मळ्यांतील बिनगोड ‘कोलिऊर’कडे वळले आहेत. त्यात २०२२ पासून या भागाने भीषण दुष्काळ सोसला. उत्पन्न परवडेनासे झाले, की मळे ओस पडतात आणि बांध ढासळू लागतात. बान्यूल्सला मिळणाऱ्या गिऱ्हाइकावर एका वाइनबरोबरच या डोंगरउतारांचेही भवितव्य अवलंबून आहे.