खेळातील घाई आणि खेळातील सोबत

गाडी चुकली म्हणजे आपण चडफडतो. पण स्थानकाच्या बाकावर दोन तास काढताना शेजारच्या माणसाशी झालेली ओळख पुढे वर्षानुवर्षे टिकते, असाही अनुभव तुमच्यापैकी कित्येकांच्या गाठीशी असेल. वाचकहो, आज अशाच एका थांबण्याची हकीकत सांगणार आहे. मात्र ती आगगाडीची नव्हे, संगणकावरच्या खेळाची!

एकाच काल्पनिक जगात निरनिराळी सोंगे घेऊन पुष्कळ माणसांनी एकत्र खेळायचे, या प्रकाराचे एक मूळ इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात आहे. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ पासून 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. सारा कारभार शब्दांवर.

पुढे मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' आला. मोठा संथ खेळ हो! लढाई आटोपली की जादूगाराने जमिनीवर बैठक मारायची आणि शक्ती भरून येईपर्यंत थांबायचे. समुद्रापार जायचे तर धक्क्यावर जहाजाची वाट पाहायची. मेलात, तर आपलेच प्रेत शोधून त्यावरचे सामान परत आणायचे. एकट्यादुकट्याचा तेथे निभाव लागणे कठीण. मग रिकाम्या वेळात माणसे करणार काय? गप्पा मारीत बसायची. तू कोठला, काय करतोस, उद्या किती वाजता येणार? अशा बैठकींतून टोळ्या जमल्या.

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. दिवसभर नोकरी करून ज्याला रात्री तासभर मिळायचा, त्याचा तो तास धक्क्यावरच संपायचा. त्याची तक्रार खोटी कशी म्हणावी? ऑक्टोबर २००२ मध्ये याच खेळात एका ग्रंथाला स्पर्श करून दूरच्या नगरात पोचण्याची सोय झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने मरणाची शिक्षा सौम्य केली. एकट्यालाही पुष्कळ काही साधू लागले. लाखो नवी माणसे खेळात आली ती यामुळेच.

डिसेंबर २००९ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकले. बटण दाबले की पाच जणांची तुकडी आपोआप जमे आणि थेट भुयारात उतरे. सोय उत्तम! पण काम उरकायचे नि पांगायचे. पुन्हा गाठ पडण्याची शक्यता थोडी, म्हणून चांगले वागण्याची गरजही थोडी. जुन्या खेळाडूंना चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले.

अखेर त्यांच्या आग्रहामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये तोच जुना, संथ खेळ पुन्हा सुरू झाला. आणि गंमत पाहा! ज्या रॅग्नरॉस राक्षसाला पहिल्या खेपेस मारायला कित्येक महिने लागले होते, तो या वेळी आठवड्याच्या आतच पडला. नियम जुने होते, पण खेळणारे घाईचे झाले होते. तरीही वाटेत भेटलेल्याला हाक मारून सोबत घेणारे त्यांत पुष्कळ निघाले, हेही खरे.

तेव्हा वेग वाईट असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, थांबण्याची जागा काढून टाकताना तेथे कोण कोणाला भेटत होते, ते आधी पाहून घ्यावे.